काचीगुडा ते पार्कलेन, चादरीत गुंडाळलेल्या कॉम्प्युटरसह

सुलतान बाजार मेट्रो स्टेशनच्या सिक्युरिटीवाल्याने आमच्याकडे संशयाने पाहिलं, त्यात त्याची काही चूक नव्हती. बहात्तर वर्षांचे गृहस्थ, त्यांच्या हातात निळ्या सोलापुरी चादरीत गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी, मागे पिशवीत कीबोर्ड घेतलेला त्यांचा मुलगा. "क्या है अंकल?" बाबांनी शांतपणे सांगितलं, "पेशंट है."

पेशंट म्हणजे आमच्या काचीगुड्याच्या घरातला कॉम्प्युटर. स्क्रीनच्या पाठीतच सगळं बसवलेलं असतं, तो ऑल-इन-वन प्रकार. २०२२ च्या गुढीपाडव्याला घेतला. एक वर्षाची वॉरंटी, वर पैसे भरून दोन वर्षं वाढवलेली. ती यंदाच्या एप्रिलच्या सुरुवातीला संपली आणि मृगाच्या पहिल्या पावसात, विजांच्या कडकडाटात लाइट तीनदा गेली-आली, त्यानंतर तो काही उठला नाही. बटण दाबलं की काही नाही. दिवा नाही, पंख्याची घरघर नाही. आई म्हणाली, "अडीच महिने आधी बिघडला असता तर काय बिघडलं असतं!"

मी माधापूरला सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. राहतो मियापूरला, आई-बाबा काचीगुड्यात. आमच्या टीमकडे दुसऱ्यांचा डेटा सांभाळायचं काम आहे. प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती, त्यातली एक वेगळ्या शहरात, दर तिमाहीला ती खरंच परत मिळते का याची चाचणी. आणि बाबांच्या कॉम्प्युटरची प्रत? शून्य. मीच आणून दिलेली एक्स्टर्नल हार्ड डिस्क कपाटात, सील न फोडलेल्या खोक्यात होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आता त्यात होतं काय ते सांगतो, कारण हे वाचणाऱ्यांपैकी काहींच्या घराण्याचं नाव त्यात असण्याची शक्यता आहे. मेट्रोचे खांब आले तेव्हा बडी चावडी आणि सुलतान बाजारातली काही जुनी दुकानं गेली, हे आपल्यातल्या मोठ्यांना आठवत असेल. बाबांना ते फार लागलं. रेल्वेतून रिटायर झाल्यावर त्यांनी एक यादी करायला घेतली. काचीगुडा, कुतबीगुडा, बडी चावडी, इसामिया बाजार इथल्या मराठी घरांची. घर कुठलं, कोण राहायचं, मूळ गाव कुठलं, हैदराबादला कधी आणि कशासाठी आले, आता ती मंडळी कुठे आहेत. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यानंतर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. नांदेड-परभणीच्या माणसाला शिक्षण, नोकरी, कोर्टाचं काम म्हटलं की राजधानी हीच. मनमाडकडून येणारी गाडी काचीगुड्याला सोडायची आणि माणूस ट्रंक घेऊन स्टेशनाबाहेर पडला की पायी जाण्याच्या अंतरावर कुणीतरी गाववाला असायचाच. ते १९१६ चं स्टेशन अजून तसंच देखणं उभं आहे, घरं मात्र अपार्टमेंट झाली. बाबा एकेका जुन्या माणसाला गाठून विचारायचे, फोटो काढायचे, मग दोन बोटांनी मराठी टाइप करायचे. सहा वर्षांत साडेतीनशेच्या आसपास घरं झाली होती. ज्यांनी माहिती दिली त्यातली निदान तीस-चाळीस माणसं आता नाहीत. पहिल्या नव्वद घरांचं प्रिंटआउट होतं. बाकी सगळं त्या खोक्यात.

"डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लाव की," असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणालो, मोठ्या तोऱ्यात. शंभर रुपयांच्या स्क्रूड्रायव्हरने पाठ उघडली, आतली पट्टीसारखी एसएसडी काढली, माझ्या मशीनला लावली. समोर प्रश्न आला: ४८ अंकी रिकव्हरी की द्या.

ही भानगड आपल्या सगळ्यांच्या घरी आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. हल्लीच्या बऱ्याच विंडोज मशीनवर, आपण सुरुवातीला मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते. म्हणजे त्यावरचं सगळं सांकेतिक रूपात लिहिलं जातं. कुलपाची किल्ली त्याच मशीनच्या मदरबोर्डवर किंवा प्रोसेसरमध्ये, टीपीएम नावाच्या सुरक्षित कप्प्यात असते. रोज मशीन सुरू होताना तो कप्पा किल्ली गुपचूप पुढे करतो, आपल्याला पत्ताही लागत नाही. लॅपटॉप चोरीला गेला तर चोराला डिस्क काढून वाचता येऊ नये, म्हणून ही सोय. ती चांगलीच आहे. पण बोर्ड बदलला की डिस्कच्या लेखी आपणच चोर. अशा वेळी ते ४८ अंक लागतात आणि ते आपल्या अकाउंटमध्ये जपून ठेवलेले असतात.

बाबांचं अकाउंट मी बनवलं होतं. पाडव्याच्या दिवशी, जेवणाची पानं वाढलेली असताना, घाईघाईत. कुठलातरी नवीन ईमेल आणि माझ्याकडचा तेव्हाचा जास्तीचा मोबाइल नंबर. तो नंबर रिचार्ज न केल्याने पुढे बंद झाला. पासवर्ड कुठे लिहिला नाही, कारण बाबा रोज चार आकडी पिनने उघडायचे. दोन रात्री मी अकाउंट परत मिळवायचा फॉर्म भरत बसलो. दर वेळी उत्तर एकच, तुम्ही तुम्हीच आहात हे पटलं नाही.

बाबांना हे सांगणं हा त्यातला सगळ्यात अवघड भाग होता. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "म्हणजे किल्ली घरात अडकलीय आणि दार बाहेरून बंद झालंय?" याहून चांगलं मला समजावता आलं नसतं.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये एसी होता, टोकन होतं आणि अतिशय सभ्य मुलगी होती. तिने सांगितलं की बोर्ड गेलाय, बोर्ड दुरुस्त होत नाही, बदलतात. सत्तावीस हजार चारशे रुपये, अधिक कर. मशीन घेतलं होतं बावन्न हजारांना. डेटाची जबाबदारी आमची नाही, इथे सही करा. मी विचारलं, हाच बोर्ड दुरुस्त करता येईल का? ती म्हणाली, "सर, आमच्या सिस्टिममध्ये तो ऑप्शनच नाही." त्या मुलीवर मी चिडलो नाही. मीही अशाच सिस्टिम लिहितो आणि त्यात कुठले ऑप्शन ठेवायचे नाहीत हे ठरवायच्या मीटिंगला बसतो. सरकारने २०२२ च्या डिसेंबरात 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल सुरू केलं. दुरुस्तीची माहिती आणि सुटे भाग गिऱ्हाइकाला मिळावेत असा त्यामागचा हेतू. पण माझ्या हातात त्या दिवशी होता तो सही न केलेला फॉर्म.

म्हणून सीटीसी. चिनॉय ट्रेड सेंटर, पार्कलेन, सिकंदराबाद. माझ्या पिढीतल्या हैदराबादी पोराला हा पत्ता सांगावा लागत नाही. बीईच्या दुसऱ्या वर्षी पहिला असेंबल्ड कॉम्प्युटर मी तिथूनच घेतला होता, मित्रांबरोबर चार दुकानं फिरून, रॅमच्या भावावरून तासभर हुज्जत घालून. नोकरी लागल्यावर सगळं ऑनलाइन यायला लागलं आणि तिकडे जाणं बंद झालं. दहा-बारा वर्षं तरी झाली असतील.

रिक्षा करू म्हटलं तर बाबांचं म्हणणं, रिक्षाच्या धक्क्यांनी आणखी काही निखळेल. म्हणून मेट्रो. सुलतान बाजारहून हिरवी लाइन. गाडी घरांच्या दुसऱ्या मजल्याच्या उंचीवरून जाते, त्यामुळे लहानपणापासून खालून पाहिलेल्या वस्त्या मी पहिल्यांदाच वरून नीट पाहत होतो. बाबा मांडीवर पेशंट घेऊन खिडकीतून बोटं दाखवत होते. नारायणगुडा, चिक्कडपल्ली, मग आरटीसी क्रॉसरोड्सची सिनेमा थिएटरं, जिथे आम्ही कॉलेज बुडवून तेलुगू पिक्चर पाहायचो (हे बाबांना अजून माहीत नाही, आता कळेल). मुशीराबाद, गांधी हॉस्पिटल, सिकंदराबाद वेस्ट. परेड ग्राउंडला गाडी बदलून निळी लाइन, एकच स्टेशन, पॅराडाइज. बिर्याणीच्या वासातून वाट काढत पार्कलेन.

सिकंदराबाद वसलं १८०६ मध्ये, तिसऱ्या निजामाच्या, सिकंदर जाहच्या नावाने, इंग्रजांच्या छावणीसाठी. हैदराबादहून इकडे आलं की अजून हवा थोडी बदलते. रस्ते सरळ होतात, चर्च दिसायला लागतात. पण पार्कलेन छावणीसारखी शिस्तीत नाही. दोन्ही बाजूंना बोर्डांवर बोर्ड, प्रिंटर, सीसीटीव्ही, लॅपटॉप सर्व्हिस, डेटा रिकव्हरी. फुटपाथवर लॅपटॉप बॅगा टांगलेल्या. बिल्डिंगच्या तोंडाशी पोरं उभी, "सर, लॅपटॉप? सर, सर्विस? सर, सीसी कॅमेरा?" चादरीतलं गाठोडं पाहून एकाने तर आम्ही विकायला आलोय असं समजून भावच सांगितला.

आत फारसं काही बदललेलं नव्हतं. तोच कोंदट जिना, तीच सोल्डरिंगच्या धुराची राळेसारखी वास येणारी हवा. तळाला चकाचक दुकानं, वर जसजसं जावं तसतशी दुकानं लहान आणि खरी कामं मोठी. दोन ठिकाणी सांगितलं, बोर्ड बदला. तिसऱ्या ठिकाणी म्हणाले ठेवून जा, कळवतो, पण पावती द्यायला तयार नाहीत. ज्या दुकानात पावती नाही तिथे बाबा सुईसुद्धा ठेवणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

शेवटी एका गिऱ्हाइकानेच सांगितलेल्या दुकानात गेलो. दुकान म्हणजे आपल्या देवघराएवढी जागा. भिंतीवर हुकांना मेलेले बोर्ड टांगलेले, खाटकाकडे असतात तसे. मायक्रोस्कोपवर वाकलेला पन्नाशीचा माणूस, हाताखाली दोन पोरं, ती त्याला उस्ताद म्हणत होती. मी सगळी कथा सांगितली. त्याने मान वर न करता विचारलं, "बोर्ड बदलने कू बोले?"

"हो."

"नक्को साब. कैकू बदलते? पैले देखने तो देव."

बाबांचा चेहरा फुलला. त्यांचा हा आवडता विषय आहे. दखनीतलं 'नक्को' आपल्या 'नको'मधून आलं आणि 'मैंच बोला', 'अब्बीच आया' यातला 'च' तर सरळ मराठीचाच. बाबांनी लगेच ते उस्तादला सांगितलं. उस्ताद म्हणाला, "हमारा हैच साब, आपका बी हैच." आणि पुन्हा मायक्रोस्कोपवर वाकला.

त्याने आधी अ‍ॅडॅप्टर मोजला. १९ व्होल्ट, ठणठणीत. मग बोर्ड बाहेर काढून प्रयोगशाळेत असतो तशा पॉवर सप्लायला जोडला. या यंत्रावर बोर्ड किती करंट ओढतोय ते दिसतं, आणि अनुभवी माणूस त्या आकड्यावरून नाडीपरीक्षा करतो. आकडा टोकाला गेला. शॉर्ट. मोठ्या पोराने सवयीने विचारलं, "बायोस मारूं उस्ताद?" बायोस म्हणजे बोर्डवरच्या छोट्या चिपमधलं मूळ सॉफ्टवेअर. बोर्ड सुरू होत नसला की ते नव्याने भरून पाहणं हा बाजारातला नेहमीचा इलाज. मी ओरडलोच. त्याने कुलपाच्या खुणा बदलल्या असत्या आणि बोर्ड जिवंत होऊनही दार उघडलं नसतं. मी उस्तादला टीपीएम, किल्ली, ४८ अंक समजावायला लागलो. त्याने हात वर केला. "मालूम साब. परसोंच एक वकील साब का आया था, येइच केस." हैदराबादी 'परसों' म्हणजे काल नव्हे आणि परवाही नव्हे, तो गेल्या वर्षीही असू शकतो. तरी जिवात जीव आला.

मग त्याने जे केलं ते पाहायला मी रजा टाकूनसुद्धा गेलो असतो. व्होल्टेज एकापर्यंत खाली आणलं, शॉर्ट झालेल्या लाइनवर थोडा करंट सोडला आणि ब्रशने बोर्डवर स्पिरिट फिरवलं. सगळा बोर्ड ओला. दोन-तीन सेकंदांत एका ठिकाणचं स्पिरिट भुर्रकन उडून गेलं, तेवढाच ठिपका कोरडा. जिथे शॉर्ट, तिथे उष्णता. "ये देखो चोर," उस्ताद म्हणाला. मायक्रोस्कोपमधून पाहिलं तर एक कॅपॅसिटर, राजगिऱ्याच्या दाण्यापेक्षा थोडाच मोठा, कडेला हलकासा काळा. मी रोज हजारो सर्व्हरचे आलेख पाहतो. बिघाड असा बोटाने दाखवता येतो, हे विसरूनच गेलो होतो.

कॅपॅसिटर काढला, शॉर्ट गेला. बटण दाबलं, तरी काही नाही. त्याच्या मागचा मॉस्फेटही, म्हणजे वीज आत सोडणारा दरवानच, मेला होता. तसाच भाग भिंतीवरच्या मेलेल्या बोर्डांपैकी एकावर होता, पण तो काढून बसवायला संध्याकाळ होणार होती. उस्तादने पावती लिहिली. मशीनचा नंबर, 'विदाउट एसएसडी', अंदाजे तीन हजार, आणि मी सांगितल्यावर हसत 'नो बायोस'. एसएसडी मी खिशात घातली. ती तशीही कुलूपबंद, पण तुम्ही कधी दुरुस्तीला मशीन दिलंत तर डिस्क काढता येत असेल तर काढूनच द्या.

मधल्या वेळात आम्ही इराण्याकडे चहा आणि उस्मानिया बिस्किटं घेतली. बाबा फार बोलले नाहीत. बराच वेळाने म्हणाले, "अमुक घर कुठल्या बोळात होतं ते मला आत्तासुद्धा सांगता येईल. पण ज्यांनी सांगितलं त्यांचे शब्द नाही येणार." मी बशीतलं बिस्किट मोडत राहिलो. त्या पाडव्याला दोन मिनिटं जास्त घेतली असती, एवढाच हिशोब डोक्यात.

साडेसातला परत गेलो. एसएसडी बसवली, उस्तादने बटण दाबलं, पंखा फिरला. कंपनीचं चिन्ह आलं आणि मग पडदा निळा झाला. मला तो निळा रंग म्हणजे रिकव्हरीचाच वाटला. तो विंडोजचा नेहमीचा निळ्या डोंगराचा फोटो होता. तारीख-वार चुकलेला, पण खाली पिनची चौकट. बाबांनी पिन टाकला. चुकीचा. परत टाकला. चुकीचा. माझे हात गार. धाकटं पोरगं मागून म्हणालं, "अंकल, नम लॉक." ते दाबलं. तिसऱ्यांदा उघडलं.

बाबांनी फाइल उघडली, शेवटच्या पानावर गेले, पुन्हा वर आले. मी तेवढ्यात नवीन डिस्कचं सील फोडलं आणि उस्तादच्या टेबलावरच कॉपी सुरू केली. ते चालू असताना बाबांनी सवयीने उस्तादला विचारलं, "आप असल में कहाँ के?" तो म्हणाला, दादा नांदेडहून आले, रेल्वेत खलाशी होते. मग पुढचा अर्धा तास कॉपी संपली तरी आम्ही तिथेच होतो. बाबा वहीत लिहून घेत होते, आणि धाकटं पोरगं दुकानाचं शटर अर्धं ओढून वाट पाहत होतं.

बिल तीन हजार दोनशे. मी पाचशे जास्त द्यायला गेलो तर घेतले नाहीत. मेलेला कॅपॅसिटर सेलोटेपवर चिकटवून त्याने मला दिला. आईने तो चष्मा लावून पाहिला. "एवढ्याशासाठी सत्तावीस हजार मागत होते?"

आता यादीच्या तीन प्रती आहेत. एक मियापूरला, एक क्लाउडवर, एक कागदावर, आईच्या साड्यांच्या कपाटात. ४८ आकडे नव्याने काढून त्याच कपाटात ठेवलेत. ते कसे काढायचे हे तुमच्या घरी विचारा. कुणालाच माहीत नसेल तर आज रात्रीच मशीन चालू असताना सेटिंग्जमध्ये 'बिटलॉकर' किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' शोधा. सुरू असलेल्या मशीनवर ते पाच मिनिटांचं काम आहे.

बाबांनी यादीत 'हैदराबादेतली मराठी घरं' हे शीर्षक बदलून 'काचीगुडा स्टेशनावर उतरलेली घरं' असं केलंय. मला विचारलं नाही. मी दिसलं तेव्हा काही बोललो नाही, पण आता मराठी न बोलणारीही काही नावं त्यात आलीत.

उस्तादची वॉरंटी एक महिन्याची, तोंडी. ती गेल्या आठवड्यात संपली. काल रात्री जेवताना विजा चमकायला लागल्या, तशी आई खरकट्या हातानेच उठली आणि डाव्या हाताने कॉम्प्युटरचा प्लग काढून आली.